चोवीस नंबरच्या बाई

माझ्या मामाला विसाव्या शतकाचा सगळा इतिहास तोंडपाठ होता, पण इंचांत. आइनस्टाइनचं नाव काढलं की तो म्हणायचा, "त्याला माउंट मोठा लागतो. केस मावत नाहीत." राइट बंधूंवर त्याचं म्हणणं असं, की विमान उडवलं ते ठीक, पण दोघांनी फोटो काढताना जरा जवळ उभं राहायला हवं होतं; मधल्या रिकाम्या जागेपायी काच वाया जाते. मंडेला त्याचे विशेष लाडके होते. "हसरा माणूस. कुठल्याही पट्टीत खुलतो," म्हणायचा. आणि पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगवर मात्र त्याचा दात होता. "बुरशीनं जग वाचवलं म्हणे! त्याच बुरशीनं काचेमागे माझ्या गिऱ्हाइकांचे किती आजोबा खाल्ले, ते ये म्हणावं मोजायला."

मामाचं फ्रेमचं दुकान होतं. मुख्य रस्त्याच्या वळणावर, चष्म्याच्या दुकानाला चिकटून. चार पावलं रुंद, दहा पावलं खोल. भिंतीवर पट्ट्यांचे कापलेले कोपरे टांगलेले, मागे काचेचे ताव उभे, आणि आत पाऊल टाकलं की सरस आणि ताज्या भुश्याचा वास. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडची थोर माणसं कधी ना कधी मामाच्या टेबलावर उताणी पडायची. थोरपणा मोजायची त्याची स्वतःची रीत होती. माणूस गेल्यावर दहा-वीस वर्षांनीही त्याची फुटकी काच बदलायला कुणी येतं का, एवढंच तो बघायचा. "येतं ना? मग तो थोर. बाकी सगळे माळ्यावर," असा निकाल तो चहा पिता पिता देऊन टाकायचा. मी याच्यापेक्षा शहाणी व्याख्या अजून कुठल्या जाड पुस्तकात वाचलेली नाही, आणि जाड पुस्तकं मी बरीच वाचली आहेत, कारण मी छापखान्यात नोकरीला होतो.

पण दुकानाचा खरा निकाल मामाच्या हातात नव्हता. तो मामीच्या हातात होता. गल्ल्याशेजारी एक उंच स्टूल होतं, त्यावर मामी बसायची. मामा फ्रेम तयार करायचा, दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "कसं दिसतंय?" मामी डोळे बारीक करायची. "पट्टी जड आहे," म्हणाली की संपलं. ठोकलेले खिळे परत काढायचे, सरस खरवडायचा, नवी पट्टी कापायची. गिऱ्हाईक कितीही म्हणो की मला चालेल, तुम्हाला चालून उपयोग काय? मामीला चाललं पाहिजे. आणि गंमत अशी, की तिचं कधी चुकायचं नाही. गावातल्या निम्म्या भिंती तिनं तयार केल्या होत्या, स्टुलावरून न उतरता.

दुकानाच्या पाटीवर मात्र एकट्या मामाचं नाव होतं. ती पाटीसुद्धा मामीनंच पास केली होती. "अक्षरं सरळ आहेत," एवढंच म्हणाली होती.

मामी गेली तेव्हा तिचा एकच फोटो निघाला. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो बघून तिला फोटोंचा वीट आला होता, स्वतःचा काढूनच द्यायची नाही. तो एक कुठल्या तरी ओळखपत्रासाठी काढलेला आणि नंतर मोठा करून घेतलेला. केस मागे घट्ट बांधलेले, थंडीचे दिवस म्हणून गळ्यापर्यंत बंद कोट, आणि डोळ्यांत असा काही जाळ की कॅमेऱ्याची काच तडकली कशी नाही याचंच नवल. कारण साधं होतं. त्याच सकाळी मामानं सरसाचं भांडं शेगडीवर विसरून जाळलं होतं, आणि फोटो काढताना मामा कॅमेऱ्याच्या मागेच उभा होता.

त्यानंतर मामानं काय केलं, तर फोटो भिंतीवर टांगला नाही. टेबलाच्या खणात ठेवला. प्रत्येक नवी फ्रेम झाली की आधी तो मामीचा फोटो त्यात सरकवायचा, स्टुलावर उभा करायचा, दोन पावलं मागे जायचा आणि विचारायचा, "कसं दिसतंय?" मग थोडा वेळ थांबायचा. कधी मान हलवून कामाला लागायचा, कधी चुपचाप खिळे काढायला बसायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, फोटो झिजेल अशानं. मी छापखान्यात कॉपी काढून आणतो." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला दुसरं लग्न कर म्हणालो होतो. "कॉपीला फ्रेममधलं काय कळतंय?" म्हणाला. मी चहा संपवला आणि निघालो.

तर शतक संपायला आलं आणि आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांच्या अंगात आलं. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत शतकातल्या चोवीस थोर व्यक्तींच्या तसबिरी लावायच्या. खाली नाव आणि कार्य लिहिलेली पट्टी. तसबिरी मामाकडे, पट्ट्या आमच्या छापखान्याकडे. हे अध्यक्ष स्वतः सभेच्या इतिवृत्ताखेरीज काही वाचत नसत, पण ते इतिवृत्त मात्र आपलं नाव किती वेळा आलंय हे बघत मन लावून वाचत. चोवीस नावं ठरवताना कार्यकारिणीत जी हमरीतुमरी झाली ती ऐकून वाटलं, की ही नावं भिंतीवर नाही, सातबाऱ्यावर चढवायची आहेत. केस कापणाऱ्या सदस्यांना दाढीचं पातं काढणारा हवा होता. औषधविक्रेत्यांनी फ्लेमिंग घुसवला. तेवीसवर सगळे दमले. तेव्हा कोपऱ्यात इतका वेळ मस्टर लिहीत बसलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "एक तरी असं घ्या, ज्यांचं नाव आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही. लीझे माइटनर." खरंच कुणीच ऐकलेलं नव्हतं, पण तसं कबूल कोण करणार? सगळ्यांनी "हो हो, अर्थात" म्हणून माना डोलावल्या आणि नाव एकमतानं पास झालं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तेवीस फ्रेमा बांधून तयार होत्या. माइटनरबाईंचं चित्र तेवढं यायचं होतं. मामानं फ्रेम करून ठेवली, रीतीप्रमाणे मामीचा फोटो आत सरकवला, विचारलं, उत्तर ऐकलं. तेवढ्यात ग्रंथपालबाईंचं पाकीट आलं. त्याच्या मागोमाग हातगाडीवाला आला आणि "चला, चला, मला दुसरी फेरी आहे" म्हणून दारात उभा राहून ओरडायला लागला. मामाला घाई जमत नसे. चाळीस वर्षांत त्याला घाई करू दिली नव्हती ती मामीनं. त्यानं पाकिटातलं चित्र काढलं, टेबलावर ठेवलं, त्यावर पुठ्ठा कापायची चटई पडली. आणि मामानं फ्रेम उचलली, पाठीला पुठ्ठा लावला, खिळे मारले, तपकिरी कागद डकवला, मागे चोवीस आकडा घातला आणि गाडीवर चढवून दिली. फोटो काचेला टेकू नये म्हणून मध्ये घालतात तो पुठ्ठ्याचा माउंटही घालायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी खोली माणसांनी गच्च भरली होती. मी आणि मामा तिसऱ्या रांगेत. अध्यक्ष एकेक पडदा ओढत होते आणि एकेकाबद्दल बोलत होते. तेवीस झाले. चोविसावा पडदा ओढला आणि मामाचा हात माझ्या गुडघ्यावर असा आवळला, की मी ओरडणारच होतो. वर मामी. तोच कोट, तोच जाळ, आणि खाली आमच्याच छापखान्यात छापलेली पट्टी: लीझे माइटनर, भौतिकशास्त्रज्ञ.

"या डोळ्यांकडे बघा!" अध्यक्ष गरजले. "अणूच्या पोटात शिरलेली ही नजर! हिच्यापासून काही लपून राहील काय?"

"नाही राहात," मामा पुटपुटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी मामीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला. मी मामाला बाहेर ओढलं. "मामा, आत्ताच्या आत्ता सांगून टाक आणि फोटो काढून आण." मामा म्हणाला, "आज नको. एवढी माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत तिच्यासाठी. जरा वाजवू देत."

मग ते "आज नको" तीन महिने चाललं.

ज्या माणसानं जन्मात वर्तमानपत्र फक्त काच गुंडाळायला वापरलं, तो रोज दुपारी दुकान बंद करून वाचनालयात जाऊन बसू लागला. भिंतीकडच्या बाकावर, बरोबर चोवीस नंबरच्या समोर. समोर मासिक उघडं, नजर वर. एकदा मी गेलो तेव्हा शाळेची मुलं आली होती. एका मुलीनं विचारलं, "बाई, या एवढ्या रागावल्या का आहेत?" त्यांच्या शिक्षिका म्हणाल्या, "कारण यांचं बक्षीस दुसऱ्याला दिलं." मामा मासिकाआडून म्हणाला, "सरस जळला म्हणून." शिक्षिकांनी त्याच्याकडे बघितलं, मुलांनी बघितलं. मी दुसऱ्याच कुणाचा तरी भाचा असल्यासारखा कपाटाकडे वळलो.

पण ते बक्षिसाचं वाक्य मामाच्या डोक्यात राहिलं. ग्रंथपालबाईंना वाटलं असेल की म्हाताऱ्याला विज्ञानाची गोडी लागलीय. निदान मला तेव्हा तसं वाटलं. त्या त्याच्यासमोर एकेक पुस्तक आणून ठेवू लागल्या. मामा बोट फिरवत, ओठ हलवत वाचायचा, आणि संध्याकाळी ते सगळं मला ऐकावं लागायचं. "अरे, अणू फुटला खरा, पण तो फुटला हे कुणाला कळतच नव्हतं. हिला कळलं! देश सोडून पळावं लागलेलं, परक्या मुलखात बर्फात फिरायला गेली, एका ओंडक्यावर बसून खिशातल्या चिटोऱ्यांवर गणित मांडलं. आणि बरोबर कोण होतं माहितेय? भाचा!" इथं त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. मी आजवर मामाबरोबर बसून फक्त चहाच संपवला होता.

एके दिवशी तो दुकानात आला तो तणतणतच. "बक्षीस एकट्या त्या सहकाऱ्याला! हिचं नावसुद्धा नाही. बाँबच्या कामाला बोलावलं तर साफ नाही म्हणाली, तरी जन्मभर लोक तिला बाँबवाली म्हणत राहिले. एवढं होऊनही बाई आपलं काम करत राहिली. आणि आता आमच्या गावात एक भिंत मिळाली तिला, तर तिथं..." मामा थांबला. खुर्चीवर बसला. "तिथं आमची ही जाऊन बसलीय, आणि बसवलीय मी."

मी म्हटलं, "कुणाच्या लक्षात आलं नाही मामा."

"तेच तर," तो म्हणाला. "त्या बाईचं कधीच कुणाच्या लक्षात आलं नाही."

त्याचा जीव दोन्हीकडून ओढत होता, आणि ते मला दिसत होतं. मामी जन्मभर स्टुलावर बसली, तिला कधी कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता अख्खं गाव मान वर करत होतं. काढायची ती कशी? पण न काढायची तर ती चोरीच, आणि मामीनं असली गोष्ट कधी पास केली नसती. दुसऱ्या दिवशी मामानं कापायच्या चटईखालून माइटनरबाईंचं चित्र काढलं, झटकलं, आणि मला बरोबर घेऊन वाचनालयात गेला.

अध्यक्षांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला आणि भाच्याला."

"मग झालं तर! गप्प बसा की. दोघीही रागावलेल्याच दिसतात."

"मलाही ठाऊक आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "उद्घाटनाच्या दिवसापासून. चित्र मीच पाठवलं होतं ना."

मामा थक्क झाला. "मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"रोज येऊन बसत होता ना तुम्ही. म्हटलं, यांना जरा बसू द्यावं." त्यांनी चष्मा पुसला. "पुस्तकं मात्र मुद्दाम देत होते."

अध्यक्षांना या सगळ्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. "अहो, पण वर्तमानपत्रात माझा फोटो आलाय त्यांच्याबरोबर!"

"तुमचा आलाय," मामा म्हणाला. "माझा एकही नाही तिच्याबरोबर."

यावर अध्यक्षांनी स्वतःच शिडी आणायला सांगितलं.

दुकानात येऊन मामानं फ्रेम टेबलावर पालथी घातली. तपकिरी कागद फाडला, खिळे उपटले, पुठ्ठा काढला. आणि थबकला. माउंट घातला नव्हता ना. फोटो तीन महिने काचेला थेट टेकलेला, भिंत ओलसर. उजवा गाल काचेला चिकटला होता. नखानं कोपरा उचलून बघितला तर चर्र झालं. मामानं हात असा मागे घेतला, जणू तिलाच दुखलं असावं. चाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, काचेला धरलेला फोटो ओढू नका, चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. ओढावा तर चेहरा जाणार. न ओढावा तर ती आता कधीच खणात बसणार नव्हती, कुठल्याच नव्या फ्रेममध्ये शिरणार नव्हती. मला खरं सांगायचं तर रडू येत होतं, आणि चहा मागवायचंही धैर्य होत नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "राहू दे. उचलत नाही आता तिला." पुठ्ठा परत लावला, खिळे मारले, हळू, एकेक. फ्रेम स्टुलाच्या वर, भिंतीवर टांगली. माइटनरबाईंसाठी नवी फ्रेम केली, माउंट घालून, आणि ती स्वतः काखेत धरून चालत वाचनालयात नेऊन लावली. हातगाडीवाल्याला जवळसुद्धा येऊ दिलं नाही.

दोन दिवसांनी तो छापखान्यात आला. "तुमच्या त्या पट्ट्या. तशी एक हवी." मी कागद घेतला. त्यानं मामीचं नाव सांगितलं. "जन्म, मृत्यू?" मी विचारलं. "नको. गिऱ्हाईक वयाची वजाबाकी करत बसतं." "मग खाली काय?" त्यानं टायपाच्या खिळ्यांच्या खणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "लिही. या दुकानातली प्रत्येक फ्रेम हिनं पास केली." मी जुळवलं, आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या टायपात. थोरांसाठी जो वापरला होता त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा. मालकांना सांगितलं नाही.

त्यानंतर महिनाभरानं मी दुकानात बसलो होतो, तर अध्यक्ष आले. काखेत स्वतःचा मोठा केलेला फोटो. वाचनालयात लावायचा होता, आजी-माजी अध्यक्षांच्या रांगेत. पट्टी त्यांनीच निवडली: चार बोटं रुंद, सोनेरी, वेलबुट्टीची. मामानं निमूटपणे कापली, जोडली, फोटो आत बसवला. मग फ्रेम दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"कसं दिसतंय?"

"वा! भव्य!" अध्यक्ष म्हणाले. "अगदी साजेसं!"

मामा त्यांच्या डोक्यावरून मागे, स्टुलाच्या वर बघत होता.

"तुम्हाला नाही विचारलं," तो म्हणाला.

मामा थांबला, नेहमी थांबायचा तेवढाच. मग त्यानं फ्रेम टेबलावर पालथी घातली आणि पक्कड उचलली. "पट्टी जड आहे म्हणते."

अध्यक्षांनी वळून वर बघितलं. गळ्यापर्यंत बंद कोट, आणि तो जाळ. त्यांनी घसा खाकरला, स्वतःची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मग... बारीकच घ्या."